संग्रहालयाचा जुना डबा किंवा इंजिन खान्देशात आणायचे असेल तर: जागेपासून रुळावर बसवण्यापर्यंत

रेल्वे संग्रहालयांकडे कालांतराने एकाच जातीची दोन-तीन इंजिने, सारख्याच बांधणीचे डबे आणि कधीच दुरुस्त न होणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी साठत जातात. शेडमधली जागा संपते, उघड्यावर ठेवलेला माल गंजतो, आणि मग संग्रहालय आपल्याकडील जादा गाड्या विकायला किंवा दुसऱ्या संस्थेला द्यायला काढते. जगभर हे होत आले आहे. ब्रिटनमधील यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने १८९३ सालचे टी-थ्री वर्गातील ५६३ क्रमांकाचे इंजिन २०१७ मध्ये स्वानेज येथील हौशी रेल्वे संस्थेला दिले, तेव्हा त्यावर तिकडे बरीच टीकाही झाली. आपल्याकडे बहुतेक रेल्वे संग्रहालये रेल्वेच्याच ताब्यात असल्यामुळे अशी विक्री रेल्वेच्या भांडार विभागामार्फत, म्हणजे लिलावाच्या वाटेने होते.

पाचोरा-जामनेर ही आपली ‘पीजे’ नॅरोगेज गाडी २०२० मध्ये थांबल्यापासून खान्देशात अनेक शाळा, ग्रामपंचायती आणि कृषी पर्यटन केंद्रे ‘एखादा डबा आपल्या आवारात उभा करता येईल का’ असे विचारू लागली आहेत. आमच्या संस्थेने एका संग्रहालयाच्या जादा मालातून नॅरोगेज डबा आणला, त्या अनुभवावरून हे टिपण लिहिले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. डब्याची लिलावातील किंमत हा या व्यवहारातील लहान आकडा असतो. क्रेन, ट्रेलर, परवानग्या, पाया आणि रंग यांचा खर्च मांडला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब शब्दशः खरा ठरतो. म्हणून सगळे काम उलट्या दिशेने करावे: आधी जागा, मग रस्ता, आणि शेवटी बोली.

१. जागा आधी पक्की करावी

ब्रॉडगेजच्या नेहमीच्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बांधणीच्या) डब्याचा सांगाडा सुमारे २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद असतो. दोन्ही टोकांच्या बफरसह (धक्का झेलणाऱ्या दांड्यांसह) लांबी २२.३ मीटर होते. त्यासाठी किमान २५ मीटर सरळ रूळ हवा, आणि शिवाय क्रेन उभी करून तिचा बूम फिरवायला मोकळी जागा हवी. त्या जागेवरून महावितरणची तार जात असेल तर ती हलवणे किंवा कामाच्या वेळी पुरवठा बंद ठेवणे यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो, आणि त्याला दिवस लागतात.

सातबारा उताऱ्यावर जमीन शेतीची दिसत असेल आणि आपण तेथे तिकीट लावून पर्यटक आणणार असाल, तर बिनशेतीचा प्रश्न तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्यावा. शाळेच्या आवारात हा प्रश्न सहसा येत नाही, परंतु आवाराच्या फाटकातून ट्रेलर वळतो का, हा प्रश्न मात्र हमखास येतो. फाटकाचे खांब पाडून पुन्हा बांधण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा.

२. काय घ्यायचे, ते गेज आणि वजन पाहून ठरवावे

गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर: ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर, आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिलिमीटर. ‘पीजे’ ७६२ ची. नेरळ-माथेरानची गाडी ६१० ची. दोन्हींना बोलताना ‘छोटी लाईन’ म्हणतात, त्यामुळे विक्रीच्या यादीत नुसते ‘नॅरोगेज’ लिहिलेले असेल तर आकडा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ७६२ चे रूळ टाकून ६१० ची ट्रॉली (डब्याखालचा चाकांचा गाडा) त्यावर बसत नाही.

वजनाचा अंदाज असा धरावा. रिकामी बॉक्स-एन वाघीण सुमारे साडेबावीस टन, वातानुकूलन नसलेला आयसीएफ डबा साधारण ३५ ते ४० टन, डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन सुमारे ११३ टन. डब्ल्यूपी जातीचे वाफेचे इंजिन टेंडरसह (मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासह) १७० टनांच्या आसपास जाते. गावातल्या हायड्रा क्रेनने यांपैकी काहीही उचलले जाणार नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या संस्थेने नॅरोगेजचा डबा किंवा चारचाकी वाघीण घ्यावी, आणि ब्रॉडगेज इंजिनाचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन दिमाखदार दिसते खरे, पण त्याच्या वाहतुकीच्या खर्चात शाळेच्या दोन खोल्या उभ्या राहू शकतात.

३. विक्री कोण करत आहे, हे नीट वाचावे

संग्रहालय स्वतंत्र न्यासाचे असेल तर ते बहुधा आधी दुसऱ्या संग्रहालयांना आणि वारसा जपणाऱ्या संस्थांना विचारते, आणि त्यानंतर खुली विक्री करते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेनुसार अशा विक्रीतून आलेला पैसा संग्रहाच्याच कामी लावायचा असतो. त्यामुळे विकणाऱ्याला केवळ जास्त बोली नको असते, वस्तूचे पुढे काय होणार हेही त्याला कळायला हवे असते. आपण डबा कुठे ठेवणार, छप्पर करणार का, देखभाल कोण करणार, याचे दोन पानांचे साधे निवेदन आणि जागेचा नकाशा सोबत जोडला तर आपला अर्ज वजनदार होतो. करारात ‘मोडीत काढणार नाही’, ‘पुन्हा विकताना आधी आम्हाला विचारावे’ अशा अटी असू शकतात. त्या वाचूनच सही करावी. काही वेळा विक्रीऐवजी दीर्घ मुदतीसाठी प्रदर्शनाकरिता देण्याचाही पर्याय असतो, आणि शाळेसाठी तो अनेकदा अधिक सोयीचा ठरतो.

रेल्वेकडून थेट घ्यायचे असेल तर ‘आयआरईपीएस’ या रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर ई-लिलाव होतो. येथे माल ‘लॉट’ने विकला जातो आणि ‘जसा आहे, जिथे आहे’ ही मूळ अट असते. लॉटच्या वर्णनात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, माल अखंड न्यायला परवानगी आहे की जागेवरच कापून न्यायचा आहे. बाद डब्यांचे पुष्कळ लॉट भंगार म्हणून विकले जातात आणि रेल्वेच्या आवारातच गॅस कटरने तोडावे लागतात. असा लॉट घेऊन नंतर ‘आम्हाला अख्खा डबा द्या’ म्हणण्यात अर्थ नसतो. दुसरी, चाके विक्रीत आहेत का. चाके, धुऱ्या आणि बेअरिंग रेल्वे अनेकदा स्वतःकडे ठेवते. चाकाविना डबा म्हणजे नुसती लोखंडी खोली.

रेल्वे स्थानकांबाहेर जुन्या डब्यांत जी उपाहारगृहे चालतात, ती विक्री नसते. तेथे डबा रेल्वेचा राहतो आणि चालकाला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. ती वाट वेगळी आहे, आणि या टिपणात ती घेतलेली नाही.

येथेच एक सावधगिरी सांगायला हवी. ‘रेल्वेचे भंगार स्वस्तात मिळवून देतो, आधी इसार द्या’ असे सांगणारे लोक भुसावळ-जळगाव पट्ट्यात भेटतातच. लिलावाची नोंदणी, बोली आणि भरणा या तिन्ही गोष्टी संस्थेच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या खात्यातून होतात. मध्यस्थाच्या खात्यात पैसे भरायला सांगितले गेले, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

४. कागदपत्रे जमवावीत

संस्थेसाठी पुढील कागद लागतात:

• संस्थेचे किंवा न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि विश्वस्तांची अद्ययावत यादी
• खरेदीचा आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा कार्यकारी मंडळाचा ठराव (ग्रामपंचायत असल्यास ग्रामसभेचा ठराव)
• पॅन आणि जीएसटी नोंदणी
• सही करणाऱ्या व्यक्तीच्या नावाचे क्लास-थ्री डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र
• बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश
• सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि जागेचा मोजमापासह नकाशा

ठरावात ‘रेल्वे डबा खरेदी करणे’ एवढेच मोघम लिहू नये. कमाल बोली, वाहतूक आणि पाया यांची एकूण मर्यादा आणि सही करणाऱ्याचे नाव त्यात असावे, कारण लिलाव चालू असताना मंडळाची सभा बोलावता येत नाही.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याचाही विचार करावा लागतो. विज्ञान किंवा हस्तकौशल्याचा नमुना ठरणारी शंभर वर्षांची वस्तू त्या कायद्याच्या व्याख्येत बसू शकते. ती परदेशात पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो.

५. पाहणी स्वतः करावी

छायाचित्रांवरून बोली लावू नये. पाहणीच्या दिवशी सोबत बॅटरी, मोजपट्टी, लहान हातोडी, जाड पेचकस, मोबाइल आणि मळले तरी चालतील असे कपडे असावेत. वेल्डिंगचे काम करणारा माणूस बरोबर असेल तर उत्तमच.

डबा वरून कितीही चांगला रंगवलेला असो, पाहणी खालून सुरू करावी. आयसीएफ डब्यात गंज सर्वात आधी शौचालयाखाली आणि दरवाजांच्या उंबऱ्याजवळ लागतो, कारण पाणी तेथेच मुरते. डब्याच्या लांबीभर जाणारी खालची मुख्य तुळई, म्हणजे सोल-बार, हातोडीने हळूहळू ठोकत जावे. चांगल्या पत्र्यातून खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या जागी तो एकदम बद्द होतो. तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. आम्ही पाहिलेल्या एका डब्यात शौचालयाच्या कोपऱ्याखाली रंगाचे चार थर शाबूत होते आणि मधला पत्रा उरलाच नव्हता. पेचकस सरळ आत गेला आणि मूठभर लाल भुसा खाली पडला. असा डबा क्रेनच्या पट्ट्यावर लटकला की मधोमध वाकतो.

जुन्या लाकडी सांगाड्याच्या डब्यात सागवान बहुधा टिकलेले असते, पण छत आणि बाजू जिथे मिळतात त्या सांध्यात पाणी झिरपून लाकूड मऊ पडते. वाळवीच्या मातीच्या नळ्या बाकांच्या मागे आणि फरशीच्या खाली शोधाव्यात.

वाफेच्या इंजिनात धुराड्याखालच्या पेटीचा तळ पाहावा. तेथे राहिलेल्या राखेवर पावसाचे पाणी पडून पत्रा खाल्ला जातो. बॉयलरभोवतीच्या जुन्या आवरणात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते उचकटून पाहण्याचा मोह आवरावा. विक्रेत्याकडून ते काढल्याचा लेखी दाखला मागावा, आणि नसेल तर काढण्याचा खर्च जाणकार कंत्राटदाराकडून विचारून बोलीत धरावा. जुन्या विद्युत इंजिनातील ट्रान्सफॉर्मरचे तेल आणि कोणत्याही गाडीतल्या बॅटऱ्या याही घातक मालात मोडतात.

काय गायब आहे याची यादी करावी: पितळी नामपट्ट्या, शिटी, दाबमापक, दिवे, खिडक्यांच्या कड्या. इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर ठोकलेले क्रमांकही वाचावेत. कारखान्यात एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला लावण्याची पद्धत असल्यामुळे तेथे भलताच क्रमांक दिसू शकतो. त्याने काही बिघडत नाही, मात्र फलकावर इतिहास लिहिताना ते माहीत असलेले बरे. प्रत्येक बाजूचे, प्रत्येक क्रमांकाचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, कारण पाहणी आणि ताबा यांच्या मधल्या काळात वस्तू ‘हलक्या’ होण्याची शक्यता असते.

६. बोली

बोलीची कमाल मर्यादा आधी ठरवावी, आणि ती ठरवताना वाहतूकदाराचा व क्रेनवाल्याचा लेखी दर हातात असावा. ई-लिलावात राखीव किंमत उघड केलेली नसते, आणि सर्वाधिक बोली लावली म्हणजे लॉट मिळालाच असे नाही. ती मान्य होणे हा पुढचा टप्पा आहे. आपल्या विरुद्ध बसलेले भंगार व्यापारी टनाच्या भावाने हिशेब करतात, त्यामुळे लोखंडाचा चालू भाव आणि डब्याचे वजन यांचा गुणाकार केला की ते कुठे थांबतील याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

७. भरणा आणि ताबा

बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि आयकर कायद्यानुसार वसूल होणारा कर वेगळा पडतो. चालू दर लिलावाच्या अटींत पाहून घ्यावेत. अनामत आणि उरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली नाही तर अनामत जप्त होते. पूर्ण भरणा झाल्यावर माल उचलण्याचा आदेश मिळतो आणि त्यावरही मुदत असते. ती उलटली की जागाभाडे सुरू होते. त्यामुळे वाहतुकीची परवानगी हातात येण्याचा अंदाज घेऊनच भरण्याची तारीख ठरवावी.

पावती, माल उचलण्याचा आदेश आणि फाटक पास यांच्या प्रती कायमच्या जपाव्यात. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यानुसार, चोरीचा असल्याचा वाजवी संशय यावा असा रेल्वेचा माल कोणाकडे सापडला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. डब्याच्या बाबतीत कागद असतातच. नवखे लोक अडकतात ते रुळांच्या बाबतीत. प्रदर्शनासाठी लागणारे रूळ, स्लीपर आणि फिशप्लेट ओळखीच्या भंगारवाल्याकडून बिनपावतीचे घेतले जातात, आणि नंतर रेल्वे सुरक्षा दलाचे जवान दारात उभे राहतात. हे साहित्यसुद्धा लिलावातून किंवा लिलावाचे मूळ कागद दाखवणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावे.

८. वाहतूक

मोटार वाहन नियमांनुसार रस्त्यावरील वाहनाची रुंदी साधारणपणे २.६ मीटरच्या आत हवी. ब्रॉडगेजचा डबा ३.२५ मीटर रुंद असल्याने तो मर्यादेबाहेरचा माल, म्हणजे ‘ओडीसी’ ठरतो. राष्ट्रीय महामार्गासाठी आणि राज्याच्या रस्त्यांसाठी परवानगी वेगवेगळी लागते, आणि ती ट्रेलरच्या क्रमांकावर निघते. ऐन वेळी ट्रेलर बदलला तर ती निरुपयोगी ठरते. नॅरोगेजचा डबा यातून सुटू शकतो, पण तेही मोजूनच ठरवावे.

ई-वे बिल (जीएसटीखालील मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढताना मालाचा प्रकार ‘ओडीसी’ निवडावा. साध्या मालासाठी बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरली जाते, तर अशा मालासाठी दर २० किलोमीटरला एक दिवस. ४०० किलोमीटरच्या प्रवासाला त्यामुळे २ ऐवजी २० दिवस मिळतात. घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला तर ट्रेलर निम्म्या वाटेत असतानाच बिल संपते.

रस्ता आधी स्वतः गाडीने पाहावा. नागपूरकडून किंवा सुरतेकडून येणाऱ्यांना भुसावळ-जळगाव-धुळे हा ५३ क्रमांकाचा महामार्ग सोयीचा आहे. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी कन्नडच्या घाटात जड वाहनांवर कोणते निर्बंध लागू आहेत ते विचारूनच मार्ग आखावा. खरी अडचण महामार्ग सोडल्यानंतरच्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये असते: रेल्वेखालचा बोगदा, विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील फाटकाची उंचीची कमान, गावातल्या लोंबत्या तारा, कालव्यावरचा जुना पूल. ट्रेलरच्या पाठीची उंची आणि डब्याची उंची यांची बेरीज कागदावर लिहून ती प्रत्येक अडथळ्याशी ताडून पाहावी. रावेर-सावदा भागात केळीच्या हंगामात ट्रकांची जी रांग लागते, तिच्यातून असा ट्रेलर नेण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे.

वाहतुकीचा विमा वेगळा काढावा, आणि त्यात चढवणे-उतरवणे समाविष्ट आहे का ते वाचावे. बहुतेक नुकसान रस्त्यावर होत नाही, ते क्रेनखाली होते.

९. पाया आणि बसवणे

तापी-पूर्णेच्या काळ्या मातीवर कोणताही जड बोजा थेट ठेवू नये. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. त्यावर टाकलेले रूळ दोन पावसाळ्यांत वाकडे होतात आणि डबा एका अंगावर कलतो. काळी माती कठीण मुरमापर्यंत काढावी, आणि तिचा थर फारच खोल असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेऊन पाया ठरवावा. खड्ड्यात चांगला मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबावा, त्यावर दगडाचे सोलिंग, काँक्रीटचा थर, खडी, स्लीपर आणि मग रूळ. दोन्ही बाजूंना नाली काढून पावसाचे पाणी पायापासून दूर न्यावे. हे काम ट्रेलर निघण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे.

बसवताना आधी ट्रॉल्या रुळांवर ठेवायच्या आणि मग सांगाडा वरून मध्यखिळीवर उतरवायचा. सांगाडा उचलण्यासाठी त्याच्या तुळईवर ठरलेल्या जागा असतात. दरवाजाच्या चौकटीला किंवा बफरला पट्टा बांधू देऊ नये. पट्टे वर एकत्र आले की डब्याच्या बाजू आत दाबल्या जातात, म्हणून मध्ये आडवी तुळई लावणारा क्रेनवालाच निवडावा. एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी दहाच्या आत उरकावे. त्यानंतर आपल्याकडच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही आणि दुपारचा वारा लटकलेला डबा फिरवतो.

डबा बसताच चाकांखाली लाकडी पाचरी ठोकाव्यात आणि रुळांच्या दोन्ही टोकांना अडथळे जोडून घ्यावेत. हवेच्या किंवा निर्वाताच्या दाबावर चालणारे ब्रेक उभ्या डब्याला धरून ठेवत नाहीत, आणि शाळेची मुले डबा ढकलून पाहतातच.

१०. पहिल्या वर्षातील कामे

रंग देण्यापूर्वी गंज पूर्ण खरवडून प्रायमर द्यावा. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून तो कोरडा घासू नये आणि मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. फरशीतली पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. पितळी वस्तू आत कुलपात ठेवून बाहेर त्यांच्या प्रतिकृती लावाव्यात. इंजिन असेल तर त्यात वाफ भरण्याचा विचार बॉयलर कायद्याखालील तपासणीशिवाय करू नये. एकदा ते रेल्वेच्या ताब्यातून बाहेर पडले की रेल्वेच्या बॉयलरना मिळणारी सूट त्याला राहत नाही. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवून घ्यावी.